कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचाय? आधी प्लेअरकडे बघा

गेले बरेच महिने सुट्टीच्या दिवशी माझं एकच काम चालू असतं, घरातल्या जुन्या कॅसेट एकेक करून कॉम्प्युटरवर घ्यायच्या. आता ओळखीतले लोक विचारायला लागलेत की सॉफ्टवेअर कुठलं वापरतेस, खरखर कशी काढतेस, ते एआयने आवाज साफ करतात ते चालतं का वगैरे. म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं. आणि सुरुवातीलाच सांगते, सॉफ्टवेअरचा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. या कामात जे काही मिळतं किंवा हातचं जातं ते टेप हेडवरून (प्लेअरमधला टेपवरचा आवाज वाचणारा भाग) सरकते त्याच क्षणी. हेडने जो आवाज उचललाच नाही तो नंतर कुठलंच सॉफ्टवेअर परत आणून देत नाही, फुकटचं असो नाहीतर महागडं. त्यामुळे नॉइज रिडक्शनचे व्हिडिओ बघण्यात जो वेळ जातो तो सगळा प्लेअरवर घाला असं माझं अगदी ठाम मत आहे.

असं का, ते जरा समजून घेऊ. फिलिप्सने ही कॅसेट १९६३ मध्ये आणली. आतली टेप जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि ती सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. स्टुडिओतली मोठी रिळं सेकंदाला ३८ सेंटिमीटरने पळायची, म्हणजे आठपट वेगाने. आता या चिंचोळ्या पट्टीवर दोन्ही बाजूंचे मिळून चार ट्रॅक बसवलेत, स्टिरिओचा एक ट्रॅक साधारण ०.६ मिलिमीटरचा. हिशोब करून बघा, दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची एक अख्खी लाट टेपवर पाच मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) कमी लांबीत बसते. एवढ्याशा जागेत लिहिलेलं वाचायचं तर हेडवर धुळीचा पातळ थर असला, टेप हेडला नीट चिकटली नाही किंवा हेड केसभर तिरकं असलं तरी वरचा सगळा आवाज गायब, स, श, च अशी अक्षरं बोथट, आणि आपण म्हणतो कॅसेट खराब झाली. बऱ्याचदा कॅसेट बिचारी चांगली असते.

कुठली कॅसेट आधी घ्यायची हेही ठरवा. विकत आणलेल्या गाण्यांच्या कॅसेट मागे ठेवा, ती गाणी दुसरीकडे कुठेतरी मिळतीलच आणि बहुतेक वेळा जास्त चांगल्या आवाजात मिळतील. घरी रेकॉर्ड केलेल्या आधी. माझ्याकडच्या एका कॅसेटमध्ये आजी लहानपणच्या गोष्टी सांगतेय आणि आजोबा मध्येच विचारतात, "चालू आहे का गं ते?" आणि ती म्हणते, "चालूच आहे, तुम्ही बोलू नका." हे जगात फक्त त्या एका टेपवर आहे. अशा कॅसेटला हात लावायच्या आधी तिच्या पाठीच्या कडेला जे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असतात ना, उघड्या टेपच्या बरोबर विरुद्ध बाजूला, ते तोडून टाका. मग डेकवर, म्हणजे कॅसेट वाजवायच्या आणि भरायच्या मशीनवर, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी ते खाली जात नाही.

आता प्लेअर. बाजारात यूएसबी केबल लागलेले छोटे कॅसेट प्लेअर मिळतात, दिसायला सोयीचे आहेत, थेट कॉम्प्युटरला लावायचे आणि झालं. पण बहुतेकांची मोटर आणि आतली यंत्रणा इतकी हलकी असते की वेग सतत थोडा कमीजास्त होतो, पेटीचा किंवा बासरीचा लांब सूर लागला की तो थरथरताना स्पष्ट ऐकू येतो, यालाच वॉव आणि फ्लटर म्हणतात. हेही नंतर काढता येत नाही, म्हणजे काढणारी व्यावसायिक सॉफ्टवेअर आहेत पण ते आपल्यासारख्यांचं काम नाही. त्यापेक्षा कुणाच्या तरी घरी माळ्यावर पडलेला जुना चांगला डेक मिळाला तर तो घ्या, नातेवाइकांना विचारा, लोक आनंदाने देतात. फक्त त्यातले रबराचे बेल्ट इतक्या वर्षांत सैल झालेले असतात किंवा चक्क वितळून डांबरासारखे चिकट झालेले असतात, ते बदलून घ्यावे लागतात. पिंच रोलर, म्हणजे टेपला दाबून पुढे नेणारं ते काळं रबरी चाक, कडक आणि गुळगुळीत झालं असेल तर तेही बदला, कारण रीळ गुंतून बाहेर येण्याचं एक मोठं कारण ते असतं.

सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या एवढं पुरतं. हेड पुसायचं, बाजूचा बारीक स्टीलचा दांडा म्हणजे कॅपस्टन पुसायचा, काडीवर तपकिरी रंग येतो तो टेपवरून झडलेला ऑक्साइड, म्हणजे टेपचा मॅग्नेटिक लेप, असतो. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहायचं. रबरी चाकाला मी अल्कोहोल वापरत नाही, अगदी सौम्य साबणाच्या पाण्यात काडी बुडवून पिळून घेते आणि मग कोरडं पुसते. जुन्या कॅसेट खूप झडतात, म्हणून मी प्रत्येक कॅसेटच्या आधी हे करते, दोन मिनिटांचं काम आहे.

कॅसेटचंही थोडं बघावं लागतं. आधी खिडकीतून रीळ एकसारखं गुंडाळलेलं दिसतंय का ते बघा. मग टेपच्या मागे, कॅसेटच्या तोंडाशी एक छोटंसं फेल्टचं पॅड असतं ते जागेवर आहे का ते बघा, ते टेपला हेडवर दाबून धरतं, त्याचा गोंद वाळून ते पडून जातं आणि मग आवाज येतो-जातो. पॅड नसेल तर सरळ रीळ काढून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या डबीत, म्हणजे टेपभोवतीच्या प्लॅस्टिकच्या कवचात, घालायचं. पाच स्क्रूवाली डबी असेल तर सोपं, प्लॅस्टिक वितळवून कायमची चिकटवलेली असेल तर ती सांध्यावरून हळूहळू फोडावी लागते. टेप तुटली असेल तर नेहमीचा सेलोटेप लावू नका! त्याचा गोंद काही दिवसांत कडेने बाहेर येतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. त्यासाठी वेगळी स्प्लायसिंग टेप मिळते, तीच वापरा, आणि टेपच्या मागच्या बाजूला लावा, हेडला लागते त्या बाजूला नाही.

वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट लगेच प्ले करू नये. एकदा पूर्ण पुढे पळवायची आणि पूर्ण मागे आणायची. वेढे मोकळे होतात, ताण सारखा होतो, आणि एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकासा उमटलेला असतो (कुणी बोलायच्या आधीच त्यांचा आवाज पुसटसा ऐकू येतो तो प्रकार) तोही थोडा कमी होतो. साठ मिनिटांच्या कॅसेटमधली टेप साधारण १८ मायक्रॉन जाड असते, नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधली १२ आणि एकशेवीसवाली फक्त ९, तेव्हा एकशेवीसवाल्या कॅसेट जपून. त्या मी जोरात पळवतच नाही, दुसऱ्या प्लेअरवर प्लेला लावून शेवटपर्यंत जाऊ देते.

आता ज्या गोष्टीसाठी हा एवढा मोठा लेख लिहायला घेतला ती. ॲझिमथ, म्हणजे टेपच्या मानाने हेडचा कोन. हेडमध्ये एक बारीक उभी फट असते आणि ती टेपच्या धावण्याच्या दिशेला बरोबर काटकोनात असावी लागते. ज्या मशीनवर रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड जरासं तिरकं असेल तर तो आवाज तिरकाच लिहिला गेलाय, आणि तुमच्या डेकचं हेड सरळ असलं तरी तो नीट वाचला जाणार नाही. घरगुती टेप रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटमध्ये हे जवळजवळ नेहमीच असतं. उपाय सोपा आहे. हेडच्या एका बाजूला एक स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो, बऱ्याच डेकमध्ये झाकण काढलं की प्ले चालू असतानाही त्याच्यापर्यंत बारीक स्क्रूड्रायव्हर पोचतो (चुंबक लागलेला नको, आणि हेडला टेकवायचा नाही). स्क्रूची मूळ जागा नेलपॉलिशच्या बारीक ठिपक्याने खूण करून ठेवायची. मग कॅसेट लावायची, हेडफोन घालायचे, आणि कॉम्प्युटरवर डावा-उजवा एकत्र करून मोनोमध्ये ऐकायचं.

मोनो का, तर हेड तिरकं असलं की एका चॅनेलचा आवाज दुसऱ्याच्या किंचित मागे पडतो, आणि दोन्ही मिसळले की वरचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. म्हणजे चूक कानाला ठळक कळते. आता स्क्रू अगदी थोडा, एका वेळी पाव फेऱ्याच्याही खूप आत, एका बाजूला फिरवायचा. आवाज अजून दबला तर उलट बाजूला. आणि मग एक जागा अशी येते की दारावरचा जाड पडदा कुणीतरी ओढून घ्यावा तसा आवाज एकदम मोकळा होतो. आजीच्या कॅसेटमध्ये मला त्या जागेवर बांगड्या ऐकू आल्या. आधी नुसता तिचा आवाज होता, गुदमरलेला, आणि स्क्रू तसूभर हलवल्यावर हात हलवला की बांगड्या वाजतायत, मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आहे, आणि तिचा तो स म्हणायचा ढंग, सगळं तिथेच होतं इतकी वर्षं. स्क्रू त्या जागेच्या थोडा पुढे नेऊन परत मागे आणायचा, म्हणजे खात्री होते. बाजू बदलली की पुन्हा तपासायचं, कारण ब बाजू कधीकधी वेगळ्या दिवशी वेगळ्याच मशीनवर भरलेली असते. ऑटो रिव्हर्सचा डेक (कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणारा) शक्यतो टाळा, त्यात हेड फिरतं किंवा सरकतं आणि कोन तितका पक्का राहत नाही.

हे जमलं की मगच डॉल्बी, म्हणजे टेपची हिस कमी करायची डेकमधली सोय. क्रम महत्त्वाचा आहे. डॉल्बी बी लावून रेकॉर्ड केलेली कॅसेट डॉल्बी बी लावूनच ऐकायची, नाहीतर आवाज टोचरा लागतो. पण ॲझिमथ चुकलेलं असताना डॉल्बी लावलं तर आधीच दबलेला वरचा आवाज ते आणखी दाबतं, आणि मग लोक म्हणतात डॉल्बी भिकार आहे. घरी साध्या टेप रेकॉर्डरवर, माइकने भरलेल्या कॅसेटमध्ये डॉल्बी नसतंच, तिथे बंद ठेवा. क्रोम किंवा मेटल टेप (वेगळ्या लेपाच्या टेप) असेल तर डेक बहुतेक डबीवरच्या खाचांवरून आपोआप ओळखतो, जुन्या डेकला बटण असतं ते त्याप्रमाणे दाबा.

जोडणी. डेकच्या मागे लाईन आउट असतं, लाल-पांढऱ्या जॅकचं, ते वापरा. आणि कॉम्प्युटरच्या बाजूला एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, ज्याला स्टिरिओ लाईन इन आहे. लॅपटॉपला जे एकच हेडफोनचं भोक असतं त्यात आत जायचा मार्ग बहुधा माइकचा असतो, तो मोनो असतो आणि माइकच्या बारीक सिग्नलसाठी केलेला असतो, त्यात लाईन आउट घातलं की आवाज फाटतो. वॉकमनसारख्या प्लेअरला लाईन आउट नसेल तर हेडफोनमधून घ्या, व्हॉल्यूम मध्यावर ठेवून. अजून एक, कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन ते आवाज सुधारणारे सगळे पर्याय बंद करा, इको काढणं, आवाज आपोआप कमीजास्त करणं वगैरे. ते मीटिंगमध्ये बोलण्यासाठी केलेत, तानपुरा चालू असेल तर तो पंख्याचा आवाज समजून गिळून टाकतात. जोडल्यावर हम्म असा सलग गुंजारव येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जातो. नोटिफिकेशन आणि स्लीप मोड बंद.

रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी पुरेसं आहे, फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे. मी २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवते. याने तासाला एक जीबीच्या आसपास जागा जाते, आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. २४ बिटचा खरा फायदा असा की लेव्हल खाली ठेवता येते. सगळ्यात मोठा आवाज उणे सहा ते उणे बारा डेसिबलच्या मधे राहील असं बघायचं. टेपवर आवाज जरा वर गेला तर तो नुसता थोडासा दबतो, डिजिटलमध्ये शून्याच्या वर गेलं की सरळ कापलं जातं आणि ते कायमचं. जोरात टाळ्या आहेत, कुणीतरी माइकजवळ खोकलंय, असा भाग आधी शोधून त्यावर लेव्हल लावा.

आणि मग बसायचं. तासाची कॅसेट म्हणजे तास, यात घाई करता येत नाही. एक बाजू एका दमात घ्यायची, मध्ये थांबवायचं नाही, सुरुवातीचा आणि शेवटचा रिकामा भागही घ्यायचा. निदान अधूनमधून तरी कान द्या, कारण टेप अडकली किंवा हेड मध्येच घाण झालं तर ते तेव्हाच कळतं. मी बाजूला वही ठेवते आणि कोण बोलतंय, कितव्या मिनिटाला काय आहे ते लिहीत जाते.

सॉफ्टवेअरमध्ये पुढे काय करायचं यावर मी थोडक्यातच लिहीन. मूळ फाईलला हात लावायचा नाही, ती तशीच ठेवायची आणि जे काही करायचं ते कॉपीवर. टेपची सूं अशी हिस काढायची असेल तर नमुना रिकाम्या टेपचा घ्या, सुरुवातीच्या पारदर्शक किंवा रंगीत पट्टीचा नको, तिच्यावर मॅग्नेटिक लेपच नसतो त्यामुळे ती हिस वेगळीच असते. आणि अगदी हलका हात ठेवा, सहा डेसिबलच्या आसपास. जास्त केलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि बोलणारं माणूस माणूस वाटत नाही. सलग हिसची कानाला मिनिटभरात सवय होते, त्या गुळगुळीत बुडबुड्यांची कधीच होत नाही. जुन्या टेप रेकॉर्डरमध्ये रेकॉर्डिंगची लेव्हल आपोआप ठरायची, कुणी बोलायचं थांबलं की मागचा आवाज हळूहळू फुगत वर येतो, ते तसंच राहू दे. ती त्या खोलीची हवा आहे, मला ती आवडते.

दोन युक्त्या मात्र खरंच कामाच्या आहेत. एक, मोनो रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटमध्ये तोच आवाज स्टिरिओ डेकच्या दोन्ही चॅनेलमध्ये येतो, पण टेपच्या कडेला झीज जास्त असते म्हणून एक चॅनेल मध्येमध्ये बुडतो. अशा वेळी दोन्ही मिसळू नका, जो चांगला आहे तो ठेवा आणि तो जिथे बुडतो तिथे दुसऱ्याचा तुकडा लावा. दुसरी, सेलवर चालणाऱ्या रेकॉर्डरचे सेल उतरत गेले असतील तर रेकॉर्डिंग होताना टेप हळू हळू मंद झालेली असते, त्यामुळे आता ऐकताना शेवटी शेवटी सगळे भराभर आणि चिरक्या आवाजात बोलायला लागतात. ऑडॅसिटीत स्लायडिंग स्ट्रेच नावाचा इफेक्ट आहे, त्यात सुरुवातीचा बदल आणि शेवटचा बदल वेगवेगळा देता येतो, वेग आणि पट्टी दोन्हीला. रेकॉर्डिंगमध्ये मागे घरातल्या विजेचा गुंजारव असेल तर फारच छान, तो मूळचा ५० हर्ट्झचा असतो (काही देशांत ६०), आता किती दिसतोय ते स्पेक्ट्रममध्ये बघायचं आणि त्यावरून वेग किती चुकलाय याचा बरोबर हिशोब निघतो. कानाने अंदाज करण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

ठेवायला डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी या प्रकारची फाईल. एफएलएसीमध्ये फाईल बरीच लहान होते आणि आवाजाचा एक कणही जात नाही. नातेवाइकांना पाठवायला वेगळी एमपी३ करा, पण फक्त एमपी३ ठेवून मूळ फाईल उडवू नका. फाईलच्या नावात साल, कॅसेटचं नाव आणि अ बाजू की ब बाजू एवढं तरी असू दे, साल माहीत नसेल तर अंदाजे असं लिहा. कॅसेटच्या कव्हरमधल्या कागदाचा आणि कॅसेटवरच्या लेबलचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, त्यावरचं हस्ताक्षरही कुणाचं तरी असतं. आणि ती एमपी३ घरातल्या मोठ्या माणसांना शक्य तेवढ्या लवकर ऐकवा, सगळं साफसूफ होईपर्यंत थांबू नका. मागे बोलणारा तो तिसरा आवाज कुणाचा हे सांगणारी माणसं आत्ता आहेत. माझ्याकडच्या एका कॅसेटमधल्या हसण्यावरून आत्याने क्षणात नाव सांगितलं, मला ते आयुष्यात कळलं नसतं.

कॉपी तीन ठेवा, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, भावंडाकडे किंवा क्लाउडवर. मूळ कॅसेट टाकून देऊ नका, उद्या यापेक्षा चांगला डेक मिळाला तर पुन्हा घेता येईल. पूर्ण एका बाजूला गुंडाळून, कव्हरमध्ये, उभ्या ठेवायच्या, उन्हापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब. आणि तो ॲझिमथचा स्क्रू, काम संपलं की नेलपॉलिशच्या खुणेवर परत आणून ठेवा, म्हणजे पुढची कॅसेट कुठून सुरू करायची ते माहीत असतं.